अर्ज परत कोण पाठवतो?

समतेचा कुठलाही कायदा हातात आला की प्रस्तावना नंतर वाचावी. आधी शेवटची पानं काढावीत, जिथे अर्जाचे नमुने, मुदती आणि छाननीचे नियम असतात. नियम पाळला नाही तर कागद परत कोण पाठवतं आणि तो परत आल्यावर काम कुणाचं अडतं, एवढं तिथे सापडलं तर कायदा चालण्याची आशा आहे. सापडलं नाही तर तो कायदा म्हणजे सरकारने स्वतःलाच धाडलेलं शुभेच्छापत्र.

ही कसोटी लावून बघायला आफ्रिकेसारखी जागा नाही. गेल्या तीसेक वर्षांत तिथल्या अनेक देशांनी नव्या राज्यघटना लिहिल्या, संसदेच्या जागांची मांडणी बदलली, काहींनी जमिनीची नोंदणी कोऱ्या पाटीपासून केली. 2003 मध्ये मापुतो इथे आफ्रिकन संघाने महिलांच्या हक्कांचा स्वतंत्र करार स्वीकारला आणि तो 2005 च्या नोव्हेंबरात अमलात आला. ठरावीक परिस्थितीतला गर्भपाताचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करणारा तो पहिला आंतरराष्ट्रीय करार. आपल्याकडे मात्र ही सगळी खटपट एका वाक्यात उरकली जाते: रवांडाच्या संसदेत साठ टक्क्यांहून जास्त बायका आहेत. खरं आहे, पण त्या वाक्यातून शिकण्यासारखं फार थोडं हाती लागतं. शिकायचं तर आधी केनियाकडे जावं. तिथे एकच नियम एकाच राज्यघटनेत दोन तऱ्हांनी लिहिला गेला. एकीकडे तो पहिल्या निवडणुकीपासून चालला, दुसरीकडे अजून अडलेला आहे.

केनियाची राज्यघटना 27 ऑगस्ट 2010 रोजी लागू झाली. निवडून येणाऱ्या कुठल्याही सार्वजनिक मंडळात एकाच लिंगाचे सदस्य दोन तृतीयांशांहून जास्त नसावेत, असं तिचं कलम 81 सांगतं. शब्दरचना हुशारीची आहे, 'महिला' हा शब्द त्यात येतच नाही. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेहून बरेच जास्त अधिकार असलेलं स्थानिक शासन. अशा 47 काउंट्या, प्रत्येकीची स्वतःची विधानसभा. या विधानसभांसाठी हा नियम कलम 177 मध्ये कसा उतरवला ते पाहा: वॉर्डांतून सदस्य निवडून येतील, आणि त्यानंतर प्रमाण बसण्यासाठी लागतील तितक्या विशेष जागा भरल्या जातील.

'लागतील तितक्या' या दोन शब्दांत सगळी करामत आहे. समजा एका काउंटीत 30 वॉर्ड आहेत. 28 पुरुष निवडून आले आणि 2 स्त्रिया. 28 हा आकडा दोन तृतीयांशांच्या आत बसवायचा तर सभागृह किमान 42 जणांचं हवं, म्हणजे 14 स्त्रिया हव्यात. दोन आहेत, बारा कमी पडतात. पक्षांनी मतदानाआधीच नावांच्या याद्या देऊन ठेवलेल्या असतात. निवडणूक आयोग प्रत्येक पक्षाने जिंकलेल्या वॉर्डांच्या प्रमाणात त्या याद्यांतून या बारा जागा भरतो. नवं विधेयक नको, कुणाची मनधरणी नको. मतमोजणी संपली की उरते ती बेरीज-वजाबाकी.

राष्ट्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला मात्र कलम 97 ने आकड्यांत बांधून टाकलं: 290 मतदारसंघ, दर काउंटीमागे एक अशा 47 महिला प्रतिनिधी, आणि 12 नियुक्त सदस्य. एकूण 349, वर सभापती. इथे 'लागतील तितक्या' नाही. कलम 81 म्हणतं प्रमाण पाळा, कलम 97 म्हणतं खुर्च्या एवढ्याच. मतदारसंघांतून 2013 मध्ये 16 स्त्रिया निवडून आल्या, 2017 मध्ये 23, 2022 मध्ये तिसाच्या आसपास. ढोबळ हिशेब मांडू. मतदारसंघांतून 260 पुरुष आणि 30 स्त्रिया, त्यात 47 महिला प्रतिनिधी, नियुक्तांमध्ये सहा-सहा. झाले 266 पुरुष आणि 83 स्त्रिया. 266 पुरुषांना सामावून प्रमाण राखायचं तर सभागृह 399 चं हवं आणि त्यात स्त्रिया 133. म्हणजे पन्नास खुर्च्यांचा प्रश्न.

या पन्नास खुर्च्यांसाठी काय काय झालं? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2012 मध्ये बहुमताने असं मत दिलं की नियम टप्प्याटप्प्याने अमलात आणायचा आहे. त्यासाठीचा कायदा 27 ऑगस्ट 2015 पर्यंत व्हावा. मुख्य न्यायाधीश विली मुटुंगा यांचं मत वेगळं होतं: नियम येत्या निवडणुकीपासूनच लागू आहे. ते अल्पमतात राहिले. 2015 उलटलं, संसदेने स्वतःला वर्षभर मुदतवाढ दिली. घटनादुरुस्तीला 349 पैकी 233 मतं लागतात. 2016 मध्ये विधेयक दोनदा मतदानाला आलं आणि दोन्ही वेळा मतं कमी पडली. फेब्रुवारी 2019 मध्ये तर सभागृहात 174 जणच हजर होते, बाकीच्यांनी विरोधात मत देण्याचीही तसदी घेतली नाही. विरोध करायचा आणि नोंद होऊ द्यायची नाही, यावर गैरहजेरी हा रामबाण उपाय आहे. शेवटी सप्टेंबर 2020 मध्ये मुख्य न्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी कलम 261 चा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांना थेट सल्ला दिला की संसद बरखास्त करा. काही दिवसांत उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि तीच संसद आपली मुदत पुरी करून ऑगस्ट 2022 च्या निवडणुकीला गेली.

याचं खापर पुरुषी मानसिकतेवर फोडणं सोपं आहे. मानसिकता आहेच, पण ती काउंट्यांत काय कमी होती? 2022 मध्ये देशभरच्या 1,450 वॉर्डांतून निवडून आलेल्या स्त्रिया 115, म्हणजे आठ टक्केही नाहीत. तेच मतदार, तेच पक्ष. तरी काउंटी विधानसभांत प्रमाण पाळलं जातं आणि संसदेत नाही. फरक मनांत नाही, मसुद्यात आहे. काउंटीत नियम पाळला जाण्यासाठी कुणालाच काही करावं लागत नाही. संसदेत नियम पाळण्यासाठी 233 जणांनी हात वर करावे लागतात, आणि नाही केले तर त्यांच्यापैकी एकाचीही खुर्ची हलत नाही. हलली तर सगळ्यांचीच हलेल, संसदच जाईल. एवढी मोठी शिक्षा कुणी देत नाही. कायद्यात ती लिहिली काय न लिहिली काय, सारखंच.

मधला एक रस्ता होता. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की पक्षांनी मतदारसंघांत उमेदवार देतानाच हे प्रमाण सांभाळावं आणि त्यापुढच्या निवडणुकीपासून आयोगाने ते पाहावं. म्हणजे यादी आली, मोजली, प्रमाण बसत नसेल तर परत. 2022 च्या निवडणुकीआधी आयोगाने पक्षांना तसं कळवलंही. पुन्हा उच्च न्यायालयात धाव, पुन्हा स्थगिती. कागद परत पाठवण्याची ज्याची तयारी होती, त्याचाच हात धरला गेला. खरं तर पक्षांना हा रस्ता स्वस्तात पडला असता, कारण उमेदवारांत तिसरा हिस्सा म्हणजे विजयी उमेदवारांत तिसरा हिस्सा नव्हे. स्त्रियांना पडेल मतदारसंघ देणं हा सगळ्या देशांतल्या पक्षांचा पाठ झालेला धडा आहे.

भारतातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव केल्या, पण त्यानंतरची जनगणना आणि तिच्यावर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावरच त्या मिळतील अशी अट घातली. 'नंतर' हा शब्द केनियालाही असाच नडला. उलट आपल्या ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव प्रभागातून पुरुषाने अर्ज भरला तर तो छाननीतच बाद होतो, त्यावर चर्चासत्र भरत नाही.

काउंट्यांतलं मॉडेल निर्दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. यादीवरून आलेल्या सदस्येला वॉर्ड नसतो. वॉर्ड नाही म्हणून रस्ता, बोअर, शाळेची खोली यांसाठीच्या निधीवर तिचा शब्द चालत नाही, मतदार तिला ओळखत नाहीत, आणि पाच वर्षांनी ती कुठून उभी राहणार याचं उत्तर तिच्याकडे नसतं. यादीत नाव घालणारा पक्षाचा नेता हाच तिचा एकमेव मतदार. सहकारी तिला कुजकटपणे 'फ्लॉवर गर्ल' म्हणतात, म्हणजे लग्नात नवरीपुढे फुलं टाकत चालणारी मुलगी. संसदेतल्या 47 महिला प्रतिनिधींच्या जागांचा उलटा परिणाम वेगळाच: मतदारसंघातून उभ्या राहू पाहणाऱ्या बाईला सुनावलं जातं, "तुम्हाला तुमची वेगळी जागा दिलीय ना, मग इथे कशाला?" किमान म्हणून बांधलेला ओटा असा छत होऊन बसतो. त्यामुळे भरपाईच्या जागा द्यायच्या तर त्यांना कामाचा ठराविक भाग, थोडा तरी निधी आणि एकाच बाईला त्या किती वेळा मिळतील याची मर्यादा जोडायला हवी. पक्षनेत्यांना नेमकी हीच शेवटची अट नको असते.

सेनेगलने कागद परत पाठवण्याचं काम सरळ यादीवर सोपवलं. मे 2010 च्या समानता कायद्यानुसार उमेदवारांच्या यादीत पुरुष-स्त्री अशी आळीपाळीने नावं हवीत, नसतील तर यादीच अग्राह्य. कायदा नुसता सुचवत नाही, पक्षाला निवडणुकीबाहेर ठेवतो. 2012 च्या निवडणुकीत 150 पैकी 64 जागांवर स्त्रिया आल्या. मग निम्म्या, म्हणजे 75, का नाहीत? याचं उत्तर कायद्याच्या एका छोट्या वाक्यात आहे: सदस्यसंख्या विषम असेल तर समानता त्याच्या लगेच खालच्या सम संख्येला लागू होईल. तीन जागांच्या यादीत समानता दोघांपुरती, तिसरी जागा मोकळी. आणि एकाच जागेच्या विभागात? एकच्या खालची सम संख्या शून्य. सेनेगलच्या संसदेचे बरेच सदस्य अशा लहान विभागांतून येतात, आणि पहिलं नाव बहुधा पुरुषाचं असतं. मसुदा लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं की नजरचुकीने, कोण जाणे. परिणाम एकच. 2014 च्या स्थानिक निवडणुकीत तूबा या मुरीद नावाच्या सूफी पंथाच्या धर्मनगरीतून सगळ्या पुरुषांचीच यादी आली आणि ती परत गेली नाही. कायदा बदलला नव्हता, खिडकीवरच्या माणसाने मान खाली घातली एवढंच. त्याच सेनेगलच्या कुटुंब संहितेत, म्हणजे 1972 च्या कायद्यात, नवरा कुटुंबप्रमुख असल्याचं कलम आहे, आणि चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रिया असलेल्या सभागृहाच्या एकामागून एक मुदती संपल्या तरी ते हललेलं नाही.

संख्या आली की धोरण आपोआप येतं ही समजूत रवांडानेही खोटी पाडली आहे. तिथल्या 80 सदस्यांच्या सभागृहात 53 जागा पक्षांच्या याद्यांतून येतात, 24 जागांसाठी फक्त स्त्रियाच उभ्या राहू शकतात आणि त्या खास मतदारमंडळांतून निवडल्या जातात, दोन युवकांच्या, एक अपंगांची. 2008 मध्ये स्त्रियांचं प्रमाण 56 टक्क्यांवर गेलं. संसदेत स्त्रियांचं बहुमत, असं जगात पहिल्यांदाच झालं. आणि दुसऱ्याच वर्षी, 2009 मध्ये, नवा कामगार कायदा आला. त्यात प्रसूती रजा बारा आठवड्यांचीच राहिली, पण प्रसूती विमा नसलेल्या स्त्रीला पहिले सहा आठवडेच पूर्ण पगार आणि उरलेल्या सहा आठवड्यांना पगाराच्या 20 टक्के. गंमत म्हणजे असा विमा तेव्हा देशात कुठेच नव्हता. बहुतेकींना परवडणारा पर्याय एकच होता, सहाव्या आठवड्यानंतर कामावर परतणं. मालकांवर बोजा नको हा युक्तिवाद स्त्रियांचं बहुमत असलेल्या सभागृहातूनही पार झाला. दुरुस्ती झाली ती 2016 मध्ये, विम्याच्या कायद्याने: पगाराच्या 0.3 टक्के मालकाकडून, 0.3 टक्के कामगाराकडून, आणि शेवटच्या सहा आठवड्यांचा पगार सामाजिक सुरक्षा मंडळाकडून. वर्गणी स्त्री-पुरुष दोघांच्याही पगारातून कापली जाते हे यातलं मर्म. तशी ती नसती तर मालकाने बाईला कामावर घेतानाच हिशेब केला असता.

रवांडाबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. जिथे सत्ताधाऱ्यांना 'नाही' म्हणायची सोय नाही, तिथे संसदेत कोण बसलंय याला किती महत्त्व द्यायचं? माझं उत्तर असं की संसदेला थोडं कमी द्यावं आणि जमिनीच्या दप्तराला जास्त. संसदेत कुणी आवाज उठवू शकत नसेल, पण दप्तरातलं नाव उद्या बँकेत, गावच्या पंचांपुढे आणि न्यायालयात दाखवता येतं.

ते दप्तर कसं तयार झालं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. 1999 च्या कायद्याने मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा दिला. 2005 मध्ये जमिनीचा मूळ कायदा झाला. नंतर काही भागांत चाचणी घेऊन 2009 ते 2013 या काळात देशातल्या एक कोटीहून जास्त तुकड्यांची नोंदणी झाली. पद्धत साधी होती. हवाई छायाचित्रांचे मोठे कागद छापून गावात आणले. गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींना थोडं प्रशिक्षण देऊन मोजणीला लावलं. मालक आणि शेजारी यांच्याबरोबर ते बांधावरून चालत जात, छायाचित्रावर रेघ ओढत, तुकड्याला क्रमांक देत आणि दावेदाराच्या हातात जागेवरच पावती ठेवत. मग नावांची यादी हरकतींसाठी 60 दिवस गावात. वाद गावच्या 'अबुन्झी' म्हणजे पंचांकडे. शेवटी दाखला, फी 1,000 फ्रँक.

या सगळ्यात स्त्रीच्या हक्काचं काय झालं ते ठरलं नोंदवहीतल्या रकान्यांवर. नवरा आणि बायको दोघांची नावं, आणि प्रत्येकापुढे हिस्सा टक्क्यांत. रकाना छापलेला असला की तो रिकामा का, हा प्रश्न विचारावाच लागतो. छापलेला नसला की प्रश्नच उठत नाही. चाचणीच्या टप्प्यात नेमकी इथेच चूक निघाली. रवांडात नागरी पद्धतीने नोंदवलेलंच लग्न कायद्याने लग्न. खेड्यापाड्यांत असंख्य जोडपी रीतीने किंवा चर्चमध्ये लग्न करून राहत होती, कित्येक घरांत दुसरी बायको होती. चाचणी झाल्यावर मोजून पाहिलं तेव्हा आढळलं की लग्नाचा दाखला असलेल्या बायकांची स्थिती सुधारली, दाखला नसलेल्यांची आधीपेक्षाही घसरली. पूर्वी निदान गाव तिला त्या शेताची मानत होतं. आता कागद आला आणि कागदावर ती नव्हती. स्त्रियांच्या भल्यासाठीचाच फॉर्म, पण 'विवाहित' या एका शब्दाने त्यांच्यातल्या दुबळ्या स्त्रियांना बाहेर काढलं. देशभर राबवण्याआधी हे कळलं म्हणून दाखल्याशिवायही दोघांना सहमालक म्हणून नोंदवायची वाट काढता आली. मापुतो कराराच्या कलम 6 मध्ये लग्न लेखी नोंदवलं तरच ते कायद्याने ग्राह्य, अशी तरतूद आहे. हेतू चांगला आहे, बालविवाह आणि फसवणूक रोखण्याचा. पण नोंदणीची कचेरी चालत दिवसभराच्या अंतरावर असेल तर हीच तरतूद बाईचं नाव खोडून टाकते.

इथिओपियाने याहून स्वस्तात काम केलं. जमीन तिथे सरकारची, कुटुंबाला मिळतो तो कसण्याचा हक्क. टिग्रे प्रांतात 1998 च्या सुमाराला दाखले दिले गेले ते कुटुंबप्रमुखाच्या नावाने. पुढच्या काही वर्षांत अम्हारा प्रांताने दोघांची नावं घेतली आणि दोघांचे फोटोही चिकटवले. मोजणी दोरीने, साक्ष शेजाऱ्यांची, खर्च तुकड्यामागे एका डॉलरच्या आसपास. फोटोचं महत्त्व लक्षात घ्या. वाचता न येणाऱ्या माणसालाही फोटो वाचता येतो. नवऱ्याने जमीन परस्पर भाड्याने द्यायला काढली की समोरचा माणूस दाखला उघडतो, त्यावर दोन चेहरे दिसतात, आणि तो विचारतो, "ही कुठे आहे?" कचेरीतला कारकून कुणालाही भलतीच बाई बायको म्हणून उभी करू देत नाही. एका फोटोच्या पैशात कित्येक वकिलांचं काम झालं.

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने हीच गोष्ट मागितली होती आणि 1992 मध्ये शासनाचं परिपत्रकही निघालं. पण त्यात अर्ज करायचा तो नवऱ्याने, स्वखुशीने. सातबाऱ्यावर बायकोचं नाव नसणं ही आपल्याकडे ठरलेली स्थिती आणि असणं हा नवऱ्याचा उदारपणा. रवांडाने आणि अम्हाराने ती ठरलेली स्थितीच उलटी केली. दोघांची नावं मुळातच लागणार, एकाचंच हवं असेल तर त्याने कारण सांगावं. या एका उलथापालथीला मी कुठल्याही जनजागृती मोहिमेपेक्षा जास्त मोल देईन.

केनियात याच्या विरुद्ध टोक दिसतं. 2013 च्या वैवाहिक मालमत्ता कायद्यात घरकाम, मुलांचा सांभाळ, शेतातलं काम, इतकंच काय सहवास हेही मालमत्तेतलं योगदान मानलं आहे. वाचायला हे कलम फार सुंदर. पण घटस्फोटात वाटणी होते ती ज्याच्या-त्याच्या योगदानाप्रमाणे, आणि जानेवारी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निम्मा वाटा आपोआप मिळत नाही, योगदान सिद्ध करावं लागेल. आता वीस वर्षं वाहिलेल्या पाण्याची पावती कुठून आणायची? घराच्या कर्जाचे हप्ते नवऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात, बँकेकडे त्याचा पुरावा असतो. भाजीपाल्यावर गेलेल्या तिच्या पैशाचा नसतो. रवांडात टक्का मोजणीच्या दिवशी लिहिला गेला, संसार बरा चालला होता तेव्हा. केनियात तो भांडणाच्या दिवशी ठरतो, तोही ज्याच्याकडे कागद जास्त त्याच्या बाजूने.

सरकारी पैशाच्या वाटेवरही अशी खिडकी उघडता येते. युगांडाच्या 2015 च्या सार्वजनिक वित्त कायद्यानुसार अर्थसंकल्पासाठी प्रत्येक खात्याचा आराखडा स्त्री-पुरुष समता आणि समन्याय यांच्या कसोटीवर तपासला जातो. समान संधी आयोग गुण देतो, निम्म्याहून कमी पडले तर प्रमाणपत्र नाही. कल्पना उत्तम. पण तपासला जातो तो आराखडा, खर्च नव्हे. म्हणून खाती गेल्या वर्षीचे परिच्छेद पुन्हा चिकटवून उत्तीर्ण होतात. तिमाही निधी सोडतानाही हीच अट लावली तर निकाल वेगळे लागतील.

रवांडाच्या दप्तराकडे परत येऊ, कारण तिथे पहिल्या नोंदणीनंतर जे घडतंय त्याबद्दल कुणीच फारसं बोलत नाही. पहिला दाखला 1,000 फ्रँकला मिळाला, पण नंतरच्या हस्तांतराची सपाट फी तीस हजार फ्रँकच्या घरात ठेवली गेली, तुकडा केवढाही असो. चार भावंडांत वाटलेल्या पाव हेक्टरला ती कुणालाही परवडत नाही. शिवाय 2013 च्या कायद्याने शेतजमिनीचे एक हेक्टरहून लहान तुकडे पाडायला मनाई केली होती, ती 2021 च्या नव्या जमीन कायद्यापर्यंत टिकली. जमीन सामाईक ठेवा म्हणाले. रवांडातली बहुतेक शेती एक हेक्टरच्या आतलीच. सामाईक जमीन कसणार कोण, तर गावात राहणारा भाऊ. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा हिस्सा कायद्याने शाबूत, कागदावर मात्र बापाचंच नाव, आणि बाप वारल्याला वर्षं झालेली. 'उमुनानी' म्हणून आईबाप हयातीत मुलांना जमीन देतात ती रीत तिथे आहेच. 2016 च्या नव्या वारसा कायद्याने ती ऐच्छिक केली, म्हणजे तिच्यावर दावा सांगण्याचा मुलींचा रस्ताही अरुंद झाला. आपल्याकडच्या बहिणींना हक्कसोड पत्रावर सही करायला निदान तालुक्याला तरी बोलवावं लागतं. रवांडात तर न बोलवताच काम होतं.

यावर उपाय नवं हक्काचं कलम लिहिण्यात नाही. वारसाने होणाऱ्या हस्तांतराची फी पहिल्या नोंदणीइतकीच ठेवावी, किंवा क्षेत्रफळावर बसवावी. हेक्टरच्या आतल्या सामाईक जमिनीच्या दाखल्यावरही प्रत्येक भावंडाचा टक्का छापावा, म्हणजे जमीन न तोडता हिस्सा वेगळा दिसेल. मृत्यूची नोंद झाली की जमिनीच्या कचेरीने वारसांच्या अर्जाची वाट न पाहता फेरफार स्वतःहून उघडावा, जसा मोजणीच्या वेळी तुकडा उघडला होता. आणि त्या फेरफारात एकाही मुलीचं नाव गाळलेलं असेल तर कागद घ्यायचा नाही.